छातीचा एक्स-रे निघतो, विसरण्याची नोंद कोण घेणार?

वणी परिसरातील कोळसा खाणीत उमेदीची पंचवीस-तीस वर्षे घालवलेला एखादा कामगार निवृत्तीच्या उंबरठ्यावर छातीरोगतज्ज्ञाकडे येतो. जिना चढताना धाप लागते, रात्री खोकला झोपू देत नाही, ही त्याची तक्रार. डॉक्टर एक्स-रे पाहतात, फुंकर मारण्याची चाचणी घेतात आणि विचारतात, 'पंप दिवसातून किती वेळा घेता?' रुग्ण उत्तर देण्याऐवजी बायकोकडे पाहतो. ती सांगते, 'घेतला की नाही हेच त्यांच्या ध्यानात राहत नाही. गाडीची किल्ली कुठं ठेवली तेही आठवत नाही आताशा.' डॉक्टर मान डोलावतात, वयाचा उल्लेख होतो आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली जाते. देशातील कोणत्याही छातीरोग विभागात असा प्रसंग घडू शकतो आणि त्यात कोणाचा दोष आहे असेही नाही. पण त्या बाईने सांगितलेली गोष्ट ही पहिल्या तक्रारीइतकीच वैद्यकीय माहिती होती. तिची नोंद करण्यासाठी त्या खोलीत कोणी नव्हते, हे मात्र खरे.

ही नोंद घेणारी माणसे कशी तयार करायची, हा प्रश्न आज उपस्थित करण्यास तीन कारणे आहेत. पहिले म्हणजे, व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आणि १९५२ चा खाण कायदा तिच्यात विलीन झाला. चाळिशी ओलांडलेल्या कामगारांच्या मोफत वार्षिक आरोग्य तपासणीचे आश्वासन या संहितेच्या निमित्ताने देण्यात आले आहे. दुसरे म्हणजे, विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२२ मध्ये एम. फिल. ही पदवी बंद केली. चिकित्सा मानसशास्त्राला त्यातून २०२५-२६ च्या सत्रापर्यंत सवलत देण्यात आली होती. आता या शाखेचे प्रशिक्षण नव्या अभ्यासक्रमांच्या साच्यात बसवले जात आहे. २०२५ मध्येच आयोगाने दूरस्थ आणि ऑनलाइन पद्धतीने मानसशास्त्राची पदवी देण्यास मनाई केली. म्हणजे रुग्णासमोर बसल्याशिवाय हे शास्त्र शिकता येत नाही, हे तत्त्व शासनाने मान्य केले आहे. तिसरे म्हणजे, नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रत्यक्ष कामाच्या जागी प्रशिक्षण घेणे २०२३-२४ पासून आवश्यक झाले आहे. विद्यार्थी आंतरवासितेसाठी कोठेतरी जाणारच आहेत. मग त्यांनी कोठे जावे, याचा विचार व्हायला हवा.

काळी धूळ आणि पांढरी धूळ

लोकनायक बापूजी अणे यांचे जन्मगाव ही वणीची जुनी ओळख. गेल्या काही दशकांत मात्र ती कोळशाची बाजारपेठ म्हणून ओळखली जाऊ लागली. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे वणी आणि वणी उत्तर असे दोन विभाग या पट्ट्यात आहेत. उकणी, निलजई, मुंगोली, घोन्सा ही नावे येथे गावांची म्हणून कमी आणि खाणींची म्हणून अधिक घेतली जातात. यांतील बहुतेक खाणी उघड्या आहेत. उघड्या खाणीत कोळशापर्यंत पोचण्यापूर्वी वरचा खडक फोडावा लागतो, आणि वर्धा खोऱ्यात हा खडक बहुतांशी वाळूचा आहे. त्यामुळे येथील कामगाराच्या छातीत कोळशाबरोबर सिलिकाही जाते. शेजारच्या राजूरला चुन्याच्या भट्ट्या आहेत. तेथील धूळ पांढरी, पण श्वासनलिकेच्या दृष्टीने तीही परकीच. कोळशाचे ट्रक ज्या रस्त्यांवरून सायडिंगकडे जातात, त्या रस्त्यांलगतच्या घरांत राहणाऱ्यांनी खाणीत कधी पाऊलही टाकलेले नसते. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील अतिप्रदूषित औद्योगिक क्षेत्रांची यादी केली, तेव्हा लगतच्या चंद्रपूरला ८३.८८ इतका गुणांक मिळाला होता. वारा जिल्ह्याच्या सीमा पाळत नाही, हे येथे वेगळे सांगायला नको.

याखेरीज चुलीचा धूर आहे. धूम्रपान न करणाऱ्यांना, विशेषतः स्वयंपाकघरात आयुष्य गेलेल्या स्त्रियांना होणाऱ्या श्वसनविकाराकडे पुण्यातील डॉ. संदीप साळवी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सातत्याने लक्ष वेधले आहे. क्षयातून बरे झालेल्यांच्या फुप्फुसांवर राहिलेले व्रण आहेत आणि कोविडने मागे ठेवलेली दुर्बलता आहे. २०१६ मध्ये भारतात श्वासनलिकांच्या दीर्घकालीन अवरोधाच्या विकाराचे, म्हणजे सीओपीडीचे, सुमारे साडेपाच कोटी रुग्ण असल्याचा अंदाज 'लॅन्सेट'च्या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. १९९० मध्ये ही संख्या २ कोटी ८१ लाख होती. या आजाराच्या भारापैकी ५३.७ टक्के वाटा हवेच्या प्रदूषणाचा, २५.४ टक्के तंबाखूचा आणि १६.५ टक्के व्यवसायातील धोक्यांचा असल्याचे त्याच अभ्यासात म्हटले आहे. वणीत या तिन्ही कारणांचा संगम झाला आहे.

प्राणवायू कमी पडतो तेव्हा

फुप्फुसाच्या रोगाचा बुद्धीशी काय संबंध, असे कोणी विचारील. शरीराच्या वजनाच्या जेमतेम दोन टक्के असलेला मेंदू शरीराला लागणाऱ्या प्राणवायूपैकी सुमारे पाचवा हिस्सा एकटा वापरतो. पुरवठा घटला की त्याची झळ मेंदूला लवकर लागणार, हे उघड आहे. या तर्काला पुराव्याचा आधार अमेरिकेतील एका मोठ्या प्रयोगाने दिला. रात्रीपुरता प्राणवायू आणि जवळजवळ अखंड प्राणवायू यांची तुलना करणाऱ्या या प्रयोगात २०३ रुग्ण होते. १९८० मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. केवळ रात्री प्राणवायू घेणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण जवळपास दुप्पट आढळले. या प्रयोगाचे वैशिष्ट्य असे, की त्यात छातीच्या डॉक्टरांबरोबर मानसशास्त्रज्ञही सहभागी होते. इगोर ग्रँट, रॉबर्ट हीटन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रुग्णांच्या स्मृती, अवधान, विचारांची गती आणि हातांचे कौशल्य यांची पद्धतशीर परीक्षा घेतली. १९८२ मध्ये त्यांनी दाखवले, की ४२ टक्के रुग्णांत या क्षमतांची मध्यम ते तीव्र हानी झालेली होती. तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी गटात हे प्रमाण १४ टक्के होते. १९८७ च्या त्यांच्या पुढील लेखात प्राणवायूची कमतरता सौम्य असलेल्यांपैकी २७ टक्के आणि तीव्र असलेल्यांपैकी ६१ टक्के रुग्णांत हानी आढळली. प्राणवायू जितका कमी, तितकी हानी अधिक, असा हा चढता क्रम होता.

यापुढचा निष्कर्ष अधिक महत्त्वाचा आहे. सहा महिन्यांच्या उपचारानंतर दोन्ही गटांत थोडी सुधारणा दिसली आणि वर्षअखेरीस अखंड प्राणवायू घेणारे पुढे होते. म्हणजे हा विसर सर्वस्वी अटळ नाही. अर्थात प्राणवायू हा सर्वांसाठीचा उपाय नव्हे. कमतरता मध्यम असलेल्या ७३८ रुग्णांवरील २०१६ च्या अभ्यासात घरी प्राणवायू देऊन मृत्यू किंवा रुग्णालयातील दाखले कमी झाले नाहीत. म्हणूनच कोणत्या रुग्णात किती हानी आहे आणि तिचे कारण काय, याची नेमकी परीक्षा लागते. झोपेत श्वास थांबणे, रक्तवाहिन्यांचे विकार, नैराश्य, मद्य, औषधांचे परिणाम यांपैकी काहीही मुळाशी असू शकते.

परीक्षेपूर्वीची परीक्षा

या परीक्षेला मेंदू-मानसशास्त्रीय मूल्यमापन म्हणतात. शब्दांची यादी ऐकवून ती थोड्या वेळाने आठवायला सांगणे, आकडे उलट क्रमाने म्हणून घेणे, ठोकळ्यांची आकृती जुळवणे, ठरावीक वेळात चिन्हे भरणे, असे तिचे स्वरूप असते. वरवर पाहता हे काम प्रश्नपत्रिका सोडवून घेण्याइतके सोपे वाटते. पण छातीच्या रुग्णासमोर बसलेल्या नवशिक्याची चूक नेमकी येथेच होते.

पहिला धडा असा, की चाचणी सुरू करण्यापूर्वी रुग्णाची अवस्था तपासायची. बोटाला लावायच्या यंत्रावर प्राणवायूची पातळी किती, हे आधी आणि मधूनमधून नोंदवायचे. सावळ्या त्वचेवर हे यंत्र कधीकधी प्रत्यक्षापेक्षा जास्त आकडा दाखवते, हेही ठाऊक असायला हवे. श्वासनलिका रुंदावणारे औषध नुकतेच घेतले असेल, तर हात थरथरतात आणि वेळ लावून घेतलेल्या हस्तकौशल्याच्या चाचणीत रुग्ण विनाकारण मागे पडतो. स्टिरॉइडमुळे झोप आणि मनःस्थिती बिघडते. 'एका मिनिटात जितकी नावे सांगता येतील तितकी सांगा' या चाचणीत दम लागणाऱ्या माणसाचे शब्द संपण्यापूर्वी श्वास संपतो. तेव्हा कमी गुण मेंदूचे की छातीचे, हे ठरवावे लागते. यंत्रांच्या आणि सुरुंगांच्या आवाजात वर्षे काढलेल्या कामगाराला ऐकूच कमी येत असेल, तर शब्दांच्या यादीची चाचणी स्मृतीऐवजी कानांची ठरते. क्षयाच्या औषधांपैकी एथॅम्ब्युटॉलचा दृष्टीवर आणि सायक्लोसेरिनचा मनोव्यापारांवर परिणाम होऊ शकतो. तीन तासांची चाचणी एका बैठकीत उरकण्यापेक्षा ती दोन-तीन दिवसांत विभागणे शहाणपणाचे ठरते.

दुसरा धडा प्राणाशी निगडित आहे. सकाळी डोके दुखते, दिवसा सारखी झोप येते, हात पुढे धरले की पंजे फडफडतात, कालपर्यंत नीट बोलणारा माणूस आज गोंधळला आहे, ही लक्षणे दिसली तर ती विस्मृतीची नसून रक्तात साठलेल्या कार्बन डायऑक्साइडची असण्याची शक्यता असते. अशा वेळी चाचणीची वही मिटायची आणि ताबडतोब डॉक्टरांना बोलवायचे. हे पुस्तकात एका ओळीत लिहिलेले असते. पण छातीच्या वॉर्डात अनुभवी पर्यवेक्षकाच्या शेजारी उभे राहून एकदा पाहिल्याशिवाय ते अंगवळणी पडत नाही.

कोणाची भाषा, कोणाचे निकष?

वणीत चाचणी घ्यायची म्हणजे कोणत्या भाषेत? पाठ्यपुस्तकातील मराठी येथे सर्वांची नाही. गावात वऱ्हाडी बोलली जाते. पोडांवर कोलामी आहे, गोंडी आहे. सीमेपलीकडून आलेली तेलुगू आहे आणि परप्रांतातून खाणीत आलेल्या कामगारांची हिंदी आहे. पाश्चात्त्य चाचणीतील इंग्रजी अक्षरांची जोडणी ज्याला अक्षर ओळखताच येत नाही त्याच्यापुढे ठेवणे निरर्थक आहे. शंभरातून सात वजा करत जाणे ही अवधानाची नव्हे, शाळेत गेल्याची परीक्षा होते. तोच माणूस आठवडी बाजारातील हिशेब मात्र तोंडी आणि बिनचूक करतो. अंक उलट सांगण्याच्या चाचणीतही सुटे अंक द्यायचे की 'एकोणतीस', 'एकोणचाळीस' अशा संख्या, याने अवघडपणा पालटतो.

आपल्याकडे या दिशेने काहीच झाले नाही, असे मात्र नाही. चंडीगडच्या पीजीआय संस्थेत प्रसाद आणि विग यांनी १९७७ मध्ये स्मृतिमापनाची श्रेणी तयार केली. हरियाणातील बल्लभगड येथील निरक्षर ग्रामीण ज्येष्ठांसाठी हिंदीतील मनोस्थिती परीक्षा १९९५ मध्ये प्रसिद्ध झाली. बंगळूरच्या निम्हान्सने २००४ मध्ये वय, लिंग आणि शिक्षण यांनुसार भारतीय निकष असलेला चाचणीसंच दिला. त्या संचाचे निकष पासष्ट वर्षांपर्यंतचे आहेत. ज्येष्ठांसाठी निराळा संच नंतर आला. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने अलीकडे अनेक भाषांत तयार केलेल्या संचाच्या पहिल्या टप्प्यात हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम या भाषा होत्या. त्यांत मराठी नव्हती. चाचणीचे मराठी भाषांतर होणे आणि मराठी माणसांवर तिचे निकष ठरणे, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुण्यातील पदवीधराच्या सरासरीशी घोन्सा परिसरातील चौथी शिकलेल्या कामगाराची तुलना केली, तर निरोगी माणसालाही रोगी ठरवले जाईल. स्थानिक निकष जमवण्यासाठी निरोगी माणसांची शेकडो मापने लागतात. प्रशिक्षणार्थींनी हे काम पर्यवेक्षणाखाली केले, तर त्यांचा सरावही होईल आणि जिल्ह्याला कायम उपयोगी पडेल असा संचय उभा राहील.

यवतमाळच्या संदर्भात आणखी एक काळजी घ्यावी लागते. खाणकामगार हा पुष्कळदा शेतकरीही असतो. २०१७ मध्ये या जिल्ह्यात कीटकनाशकांच्या फवारणीतून विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजुरांचे बळी गेले, हे राज्य विसरलेले नाही. काही कीटकनाशके मज्जासंस्थेवर थेट परिणाम करतात. तेव्हा रुग्णाची पूर्वपीठिका विचारताना खाणीतील वर्षे, फवारणीचे हंगाम, खर्रा, दारू, चूल, क्षय हे सगळे विचारले पाहिजे. एवढा इतिहास घेण्याइतका वेळ गर्दीच्या बाह्यरुग्ण विभागातील डॉक्टरांना नसतो. प्रशिक्षणार्थीला तो असू शकतो.

अहवाल कोणाच्या हाती?

येथवरचा विचार वैद्यकीय झाला. पण कोळसा पट्ट्यात आरोग्याच्या प्रत्येक कागदामागे भाकरीचा प्रश्न असतो. सिलिकोसिस आणि कोळसा खाणकामगारांचा न्यूमोकोनिओसिस हे नव्या संहितेच्या तिसऱ्या अनुसूचीतही सूचनीय रोग आहेत. नुकसानभरपाईचा पाया छातीच्या एक्स-रेवर आणि फुप्फुसाच्या क्षमतेवर उभा असतो. बुद्धीच्या हानीला त्यात ठरलेले स्थान नाही. दिव्यांगांच्या हक्कांविषयीच्या २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांतही फुप्फुसाच्या आजाराचा स्वतंत्र उल्लेख नाही. दुसरीकडे, राष्ट्रीय कोळसा वेतन करारात कायमच्या अपंगत्वामुळे काम सोडावे लागलेल्याच्या वारसाला नोकरी देण्याची तरतूद आहे. अशा ठिकाणी मूल्यमापनाचे दोन टोकांचे गैरवापर संभवतात. वारसाच्या नोकरीच्या आशेने कोणी मुद्दाम कमी गुण मिळवील. आणि उलट, डंपर चालवणारा कामगार आपल्याला अपात्र ठरवतील या भीतीने आपला विसर लपवील. कंत्राटी कामगाराला तर वारसा हक्काचा आधारही नाही. त्याच्या बाबतीत अहवाल म्हणजे उद्यापासून कामावर येऊ नको, असा निरोप ठरू शकतो.

म्हणून प्रशिक्षणात चाचणीच्या तंत्राइतकेच संमतीचे आणि गोपनीयतेचे शिक्षण हवे. ही परीक्षा कशासाठी आहे, अहवाल कोणाला मिळेल, नकार दिला तर काय होईल, हे रुग्णाला त्याच्या बोलीत आधी सांगितले गेले पाहिजे. उपचारासाठीची परीक्षा आणि मालकाने मागितलेली पात्रतेची परीक्षा यांची गल्लत होता कामा नये. डोंगराएवढ्या डंपरच्या चालकाची प्रतिक्रिया मंदावली असेल, तर प्रश्न त्याच्या एकट्याच्या सुरक्षिततेचा राहत नाही, हेही तितकेच खरे. पण त्यावरचा उपाय त्याला सुरक्षित कामावर हलवणे हा आहे. एवढी हमी व्यवस्थापनाने आणि कामगार संघटनांनी आधी दिली, तरच कामगार खरे उत्तर देईल. भीतीपोटी दिलेल्या उत्तरांवर कोणतेही शास्त्र उभे राहत नाही.

वर्ग कोठे भरवायचा?

वणीतून यवतमाळचे वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालय शंभर किलोमीटरहून अधिक दूर आहे. २०१५ मध्ये सुरू झालेले चंद्रपूरचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय त्या मानाने बरेच जवळ पडते. पण वणीची महाविद्यालये अमरावती विद्यापीठाच्या, तर चंद्रपूरची गोंडवाना विद्यापीठाच्या कक्षेत येतात. रुग्ण दम लागल्यावर जवळचा रस्ता धरतो. विद्यार्थ्याला मात्र विद्यापीठाच्या सीमेने अडवले जाते. दोन विद्यापीठे, दोन वैद्यकीय महाविद्यालये आणि खाण कंपनीचा आरोग्य विभाग यांनी एक करार केला, तर ही अडचण दूर होण्यासारखी आहे.

या प्रशिक्षणाचे टप्पेही स्पष्ट हवेत. पहिले काही आठवडे केवळ निरीक्षण, मग निरोगी स्वयंसेवकांवर सराव, त्यानंतर पर्यवेक्षकाच्या उपस्थितीत रुग्णाची परीक्षा, दोघांनी स्वतंत्रपणे केलेले गुणांकन पडताळून पाहणे आणि अखेरीस अहवाल लिहिणे. एम. ए. चा विद्यार्थी इतिहास घेऊ शकतो, चाळणी चाचणी करू शकतो. निदान करण्याचा आणि अहवालावर सही करण्याचा अधिकार मात्र भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेल्या चिकित्सा मानसशास्त्रज्ञाचाच राहिला पाहिजे. खरी टंचाई अशा पर्यवेक्षकांची आहे आणि ती मान्य करूनच सुरुवात करावी लागेल. आठवड्यातून एक दिवस नागपूरहून येणारा पर्यवेक्षक आणि उरलेल्या दिवशी दूरदृश्य प्रणालीवर प्रकरणांची चर्चा, ही तडजोड चालण्यासारखी आहे. पर्यवेक्षकच नसलेली आंतरवासिता मात्र चालणार नाही. तेथे विद्यार्थ्याला शिक्का मिळतो आणि रुग्णाला चुकीचा निष्कर्ष.

शेतकरी आत्महत्यांच्या पार्श्वभूमीवर शासनाने २०१५ मध्ये 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, तेव्हा मानसिक आरोग्याची सेवा या जिल्ह्याच्या गावांपर्यंत नेण्याची वाट पाडली गेली. त्या सेवेने मनाचे दुःख ऐकायला सुरुवात केली. स्मृती आणि अवधान मोजणे हा तिचाच पुढचा टप्पा मानता येईल. त्यासाठी नवी इमारत लागत नाही. छातीच्या बाह्यरुग्ण विभागाशेजारी एक शांत खोली, दोन खुर्च्या, एक टेबल, प्रमाणित चाचण्या आणि त्या नीट घ्यायला शिकलेली माणसे एवढे पुरे आहे.

अशी खोली असेल, तर पंप घेतल्याचे न आठवणाऱ्या त्या कामगाराला औषधाच्या वेळा भिंतीवर चित्रांत लिहून मिळतील, पत्नीला पंप देण्याची रीत शिकवली जाईल, प्राणवायूची पातळी तपासली जाईल आणि सहा महिन्यांनी पुन्हा मोजून पाहता येईल. वार्षिक तपासणीचे नियम आता प्रत्यक्षात उतरायचे आहेत आणि विद्यापीठे आंतरवासितेच्या जागा शोधत आहेत. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी घडत असताना त्या वणीत एकत्र आणल्या नाहीत, तर पुढील पिढीतील खाणकामगारांच्या फायलीतही छातीचा एक्स-रे असेल आणि त्यांच्या बायकांनी सांगितलेली गोष्ट कोणत्याही कागदावर नसेल.